निष्क्रिय खातं

मी बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि ख्रिस्ती आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी खटपट करावी लागली. तिसरी वडिलोपार्जित मिळाली, घरातल्या शिसवी कपाटासारखी. कपाट मी अधूनमधून पुसतो तरी!

तसा मी धर्मात कच्चा नाही हं. शब्बाथशाळेत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. बायबलची सहासष्ट पुस्तकं मी सुलट म्हणतो, उलटही म्हणतो. नहूमनंतर हबक्कूक येतो हे मला झोपेतून उठवून विचारा. (एकदा सौभाग्यवतीने खरोखरच विचारलं होतं. बरोबर सांगून मी पुन्हा झोपलो.)

आमच्या आईचं सगळं उलट. शिक्षण चौथीपर्यंत. हबक्कूक बायबलात आहे की भाजीबाजारात, याची तिला फिकीर नाही. पण गॅसचं सिलिंडर आलं नाही, शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की हिची प्रार्थना सुरू. एकदा मी म्हटलं, "आई, सिलिंडरसारख्या बाबी बघायला देवाला वेळ असतो का?"

"तुझ्या मॅनेजरला नसेल," आई म्हणाली.

आता जरा बँकेतलं सांगतो. खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ काहीच व्यवहार केला नाही, की बचत खातं 'निष्क्रिय' होतं. म्हणजे बुडत नाही बरं का! शिल्लक असते, व्याजही जमा होतं. फक्त माणूस फिरकत नाही. दहा वर्षं अशीच गेली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथूनही मागता येते. फक्त खातेदाराने येऊन आपली ओळख पुन्हा पटवून द्यायची.

हे सुचायचं कारण पंडिता रमाबाई. आमच्या पाळकसाहेबांनी त्यांची 1907 सालची साक्ष मला वाचायला दिली. केवढी विद्वान बाई! 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला, तोही चांगला विचार करून, वादविवाद करून. आणि तीच बाई पुढे मोकळेपणी सांगते, की ख्रिस्ताचा धर्म मला मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता! त्यासाठी आणखी आठ वर्षं गेली. (दहाच्या आत. कारकुनाची नजर!)

तिला वाट दाखवणाऱ्या पुस्तकांत विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन होतं. हे गृहस्थ 1851 साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःचंच प्रवचन करता करता भर व्यासपीठावर पालटले. मला पालटण्यापेक्षा प्रवचनाचा परिणाम झाला याचंच नवल वाटलं. आमच्याकडे तो मागच्या बाकांवरच दिसतो, ऐकूही येतो.

मी या सगळ्याच्या नोंदी काढल्या, पुरुष मंडळींच्या सभेत अर्धा तास भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन जेवलो, झोपलो. खातं होतं तसंच.

आणि गेल्या पावसाळ्यात धाकटीच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स. रात्री अकराला तिला आत नेलं. तासाभराचं काम, असं सांगितलं होतं. साडेबारा झाले, एक वाजला. दार उघडेना. सौभाग्यवती भिंतीला टेकून उभी होती, आई बाकावर डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, आपणही प्रार्थना करावी. अन् गंमत बघा, मनात शब्द आले ते असे : 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की...' वीस वर्षांची नोकरी!

मग म्हटलं, प्रभूची प्रार्थनाच म्हणू. ती तर पाठ आहे. सुरू केली आणि जिथे देवाची इच्छा पुरी होवो असं म्हणायचं, तिथे थबकलो. चाळीस वर्षं मी ते वाक्य न वाचता सही केल्यासारखं म्हणत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा काय लिहिलंय ते वाचलं. आणि सही होईना. त्याची इच्छा माझ्या इच्छेहून वेगळी असली तर?

"आई," मी म्हटलं, "मला पुढचं म्हणता येत नाही."

आईने डोळे उघडले. "विसरलास?"

"नाही. भीती वाटते."

"मग तेच सांग की त्याला," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसली.

मी तेच सांगितलं. देवा, मला भीती वाटते. ते वाक्य मला जमत नाही. तू इथे थांब. बस, एवढंच. हबक्कूक नाही, नहूम नाही. पोरगी बरी होईलच अशी खात्री त्याने दिली असं मी म्हणणार नाही. पण मघापर्यंत मी त्याच्याविषयी बोलत होतो. आता त्याच्याशी बोलत होतो, आणि त्या बाकावर आम्ही तिघेच नाही असं मला वाटलं. मग राहिलेलं वाक्य म्हटलं. हळू, कापऱ्या आवाजात, पण म्हटलं. दार तेव्हाही बंदच होतं.

दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. पोरगी ठीक होती. सकाळी शुद्धीवर येताच तिने आइस्क्रीम मागितलं.

पुढच्या रविवारी उपासनेत सगळे प्रभूची प्रार्थना म्हणत होते. त्या वाक्यापाशी मी जरा थांबलो, वाचून घेतलं, मग म्हटलं. साहजिकच सगळ्यांचं 'आमेन' झाल्यावर माझं एकट्याचं आलं. पुढच्या बाकावरच्या काकांनी वळून पाहिलं आणि बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"पाठांतर करत जा रे. वय झालं की असं होतं."