रंग गेला तरी घाण उरते

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांकडे बोट जाते, आणि उन्हात पाणी शुद्ध करणारी पावडर नदीत का टाकत नाहीत, असा प्रश्नही येतो. ही अपेक्षा आमच्या प्रकाश-उत्प्रेरणाच्या विषयाला सुखावणारी असली तरी जागा चुकली आहे. नदीचे पाणी गढूळ, त्यात शहराचे मैलापाणी. प्रकाश खोल शिरत नाही, आणि शिरला तरी उत्प्रेरकाची ताकद अशा मळावर खर्ची पडते जो जिवाणू जवळजवळ फुकटात खातात. माझ्या मते दृश्य प्रकाशात चालणाऱ्या कार्बनयुक्त संमिश्र उत्प्रेरकांची खरी जागा कारखान्याच्या आत, ईटीपीच्या म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. मात्र ती जागा मिळवायची असेल तर आम्हा संशोधकांना आपली मोजपट्टी बदलावी लागेल.

फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये प्रकाशाच्या जोरावर टायटॅनियम डायऑक्साइडने पाण्याचे विघटन होते हे दाखवले, तेव्हापासून हे क्षेत्र बहरले. पण या पदार्थाला 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा लागते, म्हणजे 388 नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश; सूर्यप्रकाशात त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. युरियासारख्या स्वस्त मालाला झाकलेल्या मुशीत सुमारे 550 अंशांवर तापवून मिळणारे पिवळसर कार्बन नायट्राइड 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्टवर भागवते, म्हणजे 460 नॅनोमीटरपर्यंतचा निळा-जांभळा प्रकाश त्याला चालतो. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे पोकळी राहते. अडचण अशी की दोघे क्षणार्धात पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ग्राफीनसारख्या कार्बनची जोड दिली तर तो इलेक्ट्रॉन ओढून दूर नेतो. संमिश्राचे सारे मर्म या ताटातुटीत आहे.

आता हे कशावर वापरायचे? पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीच्या प्लेटिंग जॉबवर्कमधले सहासंयुजी क्रोमियम उत्प्रेरकाने त्रिसंयुजी होते, हे प्रयोगशाळेत सहज दाखवता येते. पण सोडियम मेटाबायसल्फाइट आम्ल पाण्यात तेच काम मिनिटांत आणि स्वस्तात करते, आणि पुढे गाळ तर दोन्ही मार्गांनी निघतोच. मशीन शॉपचे टाकाऊ कूलंट दुधाळ असते. त्यात प्रकाशच जात नाही. आधी तेल फोडायचे, मग गाळायचे, मग जिवाणूंकडे सोपवायचे. एवढे सगळे झाल्यावर जे उरते ते आमचे काम: कूलंटमधली जंतुनाशके, तांब्या-पितळेला गंज लागू नये म्हणून घातलेले बेंझोट्रायझोल. जिवाणू यांना सहजी पचवत नाहीत. पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे म्हटले की हीच चिवट रसायने फेरीगणिक साचत जातात. म्हणजे पुनर्वापराचा आग्रह जितका वाढेल तितकी या टप्प्याची गरज वाढेल.

पण आमच्या विषयातले असंख्य शोधनिबंध बेंझोट्रायझोलवर नसून मिथिलिन ब्लू या निळ्या रंगावर आहेत. निळे पाणी फिके पडले, आलेख खाली आला, काम फत्ते! हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन स्वतः मोडतो. शिवाय कार्बन त्याला पृष्ठभागावर नुसता चिकटवूनही घेतो. दोन्ही वेळा रंग जातो, पण उत्प्रेरकाचे खरे कर्तृत्व सिद्ध होत नाही. म्हणून आधी अंधारात ढवळून शोषण किती होते ते पाहावे, बिनरंगी रसायन घ्यावे आणि पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा. कार्बन नायट्राइडच्या बाबतीत नायट्रेटही तपासावे, कारण त्यानेच निर्माण केलेली हायड्रॉक्सिल मूलके हळूहळू त्यालाही कुरतडतात.

पावसाळ्यात ऊन कुठले, हा आक्षेप रास्त आहे, पण निर्णायक नाही. दृश्य प्रकाशाचा मोठा फायदा ऊन नसून एलईडी आहे असे मला वाटते. निळे एलईडी घराघरांतल्या पांढऱ्या दिव्यांसाठीच एवढे स्वस्त आणि कार्यक्षम झाले. अतिनील एलईडी अजून त्यांच्या मागे आहेत. बारीक पावडर पाण्यातून परत कशी काढणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ती काचेवर किंवा सिरॅमिकवर बसवली तर वाहून जात नाही, पण पाण्याशी संपर्क घटतो आणि वेग मंदावतो. हा तोटा लपवून चालणार नाही; मात्र शेवटच्या टप्प्यावर पाणी स्वच्छ आणि प्रदूषक थोडे असल्याने तो तिथेच सर्वांत सोसवतो. सक्रिय कोळसा आणि ओझोन असताना हे कशाला, असेही विचारले जाते. कोळसा घाण धरून ठेवतो, मोडत नाही. ओझोन मोडतो, पण तो तयार करायला बरीच वीज लागते. तरीही ज्या पाण्यावर ते स्वस्त पडतील तिथे त्यांनाच वापरावे.

पाषाण परिसरातल्या एनसीएल आणि सी-मेट या संशोधन संस्थांपासून भोसरी फार लांब नाही. तेव्हा या औद्योगिक पट्ट्यासाठी म्हणून मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक उत्प्रेरकाची चाचणी इथल्याच ईटीपीतून बाहेर पडलेल्या पाण्यावर, महिनोन्महिने, प्रति घनमीटर किती वीज लागली याच्या हिशोबासह व्हावी. त्या कसोटीत जे टिकतील ते मोजकेच असतील. पण कारखानदाराने पैसे घालावेत अशी शिफारस मी फक्त त्यांचीच करीन.