घाटावरून घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात नवख्या माणसाला गावाचं नाव विचारण्याआधी विचारतात, "घाटावरचे का घाटाखालचे?" अजिंठ्याच्या डोंगररांगेची कडा जिल्ह्याच्या मधून जाते. वर पठार, गार हवा आणि सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचं बुलढाणा. खाली पूर्णेचं खोरं, काळी जमीन, मोताळा, मलकापूर. वऱ्हाडच्या जुन्या कारभारात या दोन भागांना बालाघाट आणि पायनघाट म्हणत. एस.टी.त बसून राजूर घाट उतरताना ही कडा जाणवतच नाही, वळणं तेवढी जाणवतात. म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलं की कड्याच्या धारेने पश्चिमेकडे चालत जायचं आणि पायवाटेने रोहिणखेडला उतरायचं.

वाट दाखवायला रोहिणखेडचेच एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. हातात काठी, डोक्याला उपरणं आणि खणखणीत आवाज. तो आवाज त्यांनी दिवसभर बंद ठेवला नाही. मला आधी वाटलं, स्वभाव असेल. मग त्यांनीच सांगितलं, "या डोंगरात अस्वल आहे. माणसाचा आवाज ऐकला की ते बाजूले होते. न बोलता गेलं अन् समोरासमोर आलं, की मंग अंगावर येते." त्यानंतर आम्हीही मोठ्याने बोलू लागलो. याच डोंगररांगेत बुलढाण्याच्या पूर्वेला ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ नावाचा वाघ 2019च्या अखेरीस तिथेच पोहोचला होता. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरनुसार तो एकूण सुमारे 3000 किलोमीटर चालला. आमची चाल त्याच्यापुढे काहीच नव्हती, पण दुपारपर्यंत पिंडऱ्यांना ते पटत नव्हतं.

कोकणातल्या कड्यावर चालताना एका अंगाला समुद्र असतो. इथे त्या अंगाला कपाशी आणि तूर. दिवाळी होऊन गेलेली, खाली वेचणी चालू होती. उत्तरेला धुरकट हवेतही सातपुड्याची पुसट रेघ दिसत होती. त्या दिशेला, रोहिणखेडपासून सरळ रेषेत साधारण 75 किलोमीटरवर, बऱ्हाणपूर. ही गोष्ट मी नकाशावर अनेकदा पाहिली होती, पण कड्यावर उभं राहिल्यावर तिचा अर्थ लागला. बऱ्हाणपुराहून दख्खनकडे निघालेल्या फौजेला ही भिंत कुठेतरी चढावीच लागणार. तोफा, बैल, बुणगे घेऊन चढायचं तर ठरावीक खिंडीच उरतात. वर बसलेल्याला खालची धूळ अर्धा दिवस आधी दिसते आणि खालच्याला वरचं काहीच दिसत नाही.

उतार अवघड नाही, पण फसवा आहे. लाव्हाच्या थरांवर थर चढून हा डोंगर झाला आहे. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर भुसभुशीत होऊन घसरतो. मधे कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा लागतो. तिथे पाय ठेवला की खडे सुटतात. सीताफळीच्या झुडपांना धरून आम्ही आडवे आडवे उतरत होतो. पायमोज्यांत कुसळं भरलेली. एक तरुण मित्र भराभर पुढे निघाला तेव्हा गुरुजी ओरडले, "अबे हळू! लढाईले चालला का?"

लढाया इथे खरोखरच झाल्या आहेत. अर्ध्या उतारावर अंजनाच्या सावलीत भाकरी, ठेचा आणि कांदा खाताना गुरुजींनी पहिली सांगितली. 1437 साली खानदेशचा नासिरखान फारुकी वऱ्हाडात शिरला. त्याची मुलगी बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीनला दिलेली होती. इतिहासकार फेरिश्ता लिहितो की कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची मुलगी सुलतानाच्या जनानखान्यात आली, तिच्यापुढे फारुकी बेगम मागे पडली आणि तिने बापाकडे गाऱ्हाणं नेलं. बहमनी सरदार खलफ हसनने रोहिणखेडला नासिरखानाचा पराभव केला आणि पुढे थेट बऱ्हाणपूर लुटलं. संगमेश्वर कुठे, रोहिणखेड कुठे! मला मात्र वाटतं, मुलीचं दुःख हे निमित्त असावं. खानदेशच्या सुलतानाला वऱ्हाड हवंच होतं.

दुसरी लढाई 1591ची. अहमदनगरची गादी मागायला बुऱ्हाण निजामशाह खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आला. समोर होता महदवी पंथाचा पुढारी जमालखान, आणि तो राज्य चालवत होता बुऱ्हाणच्याच मुलाच्या, इस्माईलच्या नावाने. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. जमालखान मारला गेला, मुलगा पकडला गेला, बाप गादीवर बसला.

गावात पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. इथली दगडी मशीद या दोन लढायांच्या मधली, 1582 सालची. ती बांधणारा खुदावंदखान हाही महदवीच. आदल्याच वर्षी त्याने साखरखेर्ड्याला अशीच एक मशीद बांधली होती. बूट काढून ओट्यावर टेकलो. दगड अजून कोमट होता आणि पाय उचलवत नव्हते. कोरीवकाम सावकाश पाहायचं तर चालून आलेल्या दिवशी ते होत नाही. मशीद वेगळ्या दिवशी, गाडीने येऊन पाहावी असं माझं मत आहे.

कुणाला या वाटेने जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जावं. उन्हाळ्यात जाऊ नये, कड्यावर पाणी मिळत नाही. माणशी निदान तीन लिटर पाणी घ्यावं. एकटं तर मुळीच निघू नये. खालच्या गावातला वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्यावा आणि त्याचा दिवस मोडतो याचे पैसे त्याला न मागता द्यावेत. संध्याकाळी रोहिणखेडहून मोताळ्याला यायचं. बुलढाणा-मलकापूर रस्ता तिथूनच जातो.