वहीतला गारवा

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक यंत्र असते, ज्याला कोणी एसी म्हणत नाही. वरून उघडणारी, पेटीसारखी, पांढरी वस्तू. आरोग्य खात्यात तिला आयएलआर म्हणतात, म्हणजे आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर. मुरूमगाव, पेंढरी, कारवाफ्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ती असते. बालकांच्या लसी तिच्यात राहतात. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे डांबर मऊ पडते, तेव्हा आतला काटा २ ते ८ अंशांच्या मध्येच राहावा लागतो. एक अंश इकडे नाही की तिकडे नाही.

तालुक्याच्या गावात गारवा देणारी दुसरी यंत्रे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. बँकेतला एसी, एटीएमच्या खोलीतला, एखाद्या कार्यालयातला, आता काही घरांतलाही. दोन्हींच्या पोटात विद्या एकच आहे: कॉम्प्रेसर, दोन कॉइल आणि नळ्यांतून फिरणारा गॅस. तरीही भर उन्हाळ्यात ‘थंडच करत नाही हो’ असा फोन येतो तो बहुतेक एसीसाठी. प्रस्तुत लेखकाच्या, म्हणजे एसी दुरुस्तीच्या धंद्यात या फरकाचे कारण यंत्रात शोधत नाहीत. ते आयएलआरशेजारी ठेवलेल्या वहीत आहे.

त्या वहीत दिवसातून दोनदा तापमान लिहायचे असते, सकाळी आणि संध्याकाळी, रविवारीही. पेटी भिंतीपासून दहा सेंटीमीटर लांब आहे ना, तिच्यावर थेट ऊन पडत नाही ना, तिचा स्टॅबिलायझर स्वतंत्र आहे ना, आत पाच-सहा मिलिमीटरहून जाड बर्फ साचला नाही ना, हे सगळे ठरलेल्या क्रमाने पाहायचे असते. पेटी वरून उघडते यालाही कारण आहे. गार हवा जड असते, त्यामुळे झाकण उचलले तरी ती तळाशीच राहते. उभ्या फ्रिजचे दार उघडले की तीच हवा पायांवर सांडते. भिंतीतल्या बर्फाच्या अस्तरामुळे चोवीस तासांत आठ तास लाईन मिळाली तरी अशी पेटी तग धरते. जंगलातल्या गावांसाठी हे वरदानच.

लसीचे आणखी एक दुखणे आहे. उष्णतेने ती बिघडते हे सगळ्यांना माहीत असते, पण गारठून गोठली तरीही काही लसी निकामी होतात. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस-बी त्यांतल्या. म्हणून या बाटल्या पेटीच्या तळाशी ठेवत नाहीत, कारण सर्वांत जास्त थंडी तिथेच असते. बाटलीवरच्या छोट्या चौकोनाचा रंग उष्णतेने गडद होत जातो आणि धोका सांगतो, पण गोठल्याचे तो काहीच सांगत नाही. ते कळण्याचा रोजचा मार्ग म्हणजे तापमापी, आणि तापमापी वाचून वहीत आकडा लिहिणारी सिस्टर.

आता एसीकडे वळू. विकत घेताना ‘दीड टन’ असा शब्द ऐकू येतो. हा टन बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी खेचण्याची ताकद म्हणजे एक टन, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॉट. पण खोक्यावरचा आकडा मोजताना बाहेरचे तापमान ३५ अंश धरलेले असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात ३५ अंश म्हणजे फाल्गुनातली दुपार. चंद्रपुरात मे २०१९ अखेर पारा ४८ अंशांपर्यंत गेला होता. एसी गारवा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर ४५ अंश असतील तर आउटडोअरच्या कॉइलला त्याहून दहा-पंधरा अंश अधिक तापावे लागते, तेव्हाच उष्णता बाहेरच्या हवेत जाते. नव्याकोऱ्या यंत्राचीही तिथे दमछाक होते. मग ज्याच्या कॉइलवर धुळीची गोधडी पसरली आहे, त्याचे काय होत असेल?

आणि धानोऱ्याची धूळ नागपूर-मुंबईसारखी नसते. तिला ऋतूंचे वेळापत्रक आहे. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्याची बारीक राख वाऱ्यावर येते आणि आउटडोअरच्या पातळ पत्र्यांत अडकते. एप्रिल-मेमध्ये काटेसावरीची बोंडे फुटतात. तिचा रेशमासारखा कापूस उडत येऊन त्याच राखेवर चिकटतो आणि जाळीवर अक्षरशः घोंगडी विणली जाते. धानाच्या मळणीचे दिवस आले की भूस आणि कोंडा येतो. त्यात राइसमिल जवळ असेल तर मग विचारायलाच नको. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ‘वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग’ असे लिहिलेले असते. ती लिहिणाऱ्याने सावरीचे झाड पाहिलेले नसते. इथे होळीच्या आधी एक, मेच्या मध्यावर आउटडोअरची एक जादा धुलाई आणि मळणी संपल्यावर एक, असा हिशोब धरावा लागतो.

धुण्याचीही रीत आहे. आधी एमसीबी बंद. मग साधा पाईप, पाण्याचा जोर बेताचा. गाड्या धुण्याच्या मशीनने फवारा मारला की कॉइलचे पत्रे झोपतात आणि हवेची वाटच बंद होते. पाणी शक्यतो आतून बाहेर मारावे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते.

खोलीतल्या युनिटची जाळी घरच्या माणसानेच दर पंधरा दिवसांनी धुवावी. त्यासाठी मेकॅनिकला बोलावणे म्हणजे नखे कापायला डॉक्टर गाठण्यासारखे. मेकॅनिकने करायची कामे वेगळी. क्लॅम्प मीटरने तो यंत्र किती अँपिअर ओढते ते पाहतो आणि आकडा यंत्रावरच्या पट्टीशी ताडून बघतो. कपॅसिटर मोजतो. छापील आकड्यापेक्षा तो पाच-सहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर बदलतो, कारण उन्हात तापलेला कपॅसिटर मेमध्ये दगा देतो आणि त्याच्यापायी कॉम्प्रेसर जळतो. बोटभर वस्तूबाबतच्या हलगर्जीने यंत्रातला सर्वांत महागडा भाग जातो, तो असा. कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या शिरल्यात का, बोर्डावर पाल चिकटून मेली आहे का, उंदरांनी वायर कुरतडली का, हेही बघावे लागते. जंगलाकाठच्या गावात या गोष्टी हसण्यावारी नेऊन चालत नाही.

एक चाचणी कुणालाही जमते. यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर साध्या तापमापीने दोन जागी मोजायचे: जाळीतून आत जाणारी हवा आणि झडपेतून बाहेर येणारी हवा. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असला तर प्रकृती ठीक. दर महिन्याला हा फरक घसरत असेल तर दुखणे सुरू झाले आहे, मग खोली अजून गार वाटत असली तरीही.

यावर गिऱ्हाइकाचे ठरलेले वाक्य येते, ‘गॅस कमी झाला असेल, भरून टाका.’ या व्यवसायातला सर्वांत महागडा गैरसमज हाच. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता वरून भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. नळीत नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा दिसला तिथे जोड पक्का करायचा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओल काढायची आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. यात निम्मा दिवस जातो, म्हणून आधी भाव ठरवावा आणि नायट्रोजनचा सिलिंडर आणला आहे का ते विचारावे.

गॅसही बदलले आहेत. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनचा थर झिजवतो. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार भारतात त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ थांबवायचा आहे. नव्या यंत्रांतला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण तो मंदपणे पेट घेऊ शकतो. म्हणून आर-३२ च्या नळीत गॅस असताना वेल्डिंगची टॉर्च लावणाऱ्या मेकॅनिकला तिथल्या तिथे थांबवावे. तो कितीही ओळखीतला असला तरी.

लाईनचा प्रश्न वेगळाच. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरते, कॉम्प्रेसर गुरगुरतो पण सुटत नाही. स्टॅबिलायझर नसेल तर हे गुरगुरणे त्याच्या जिवावर बेतते. लाईन जाऊन परत आली की निदान तीन मिनिटे थांबावे, म्हणजे नळ्यांतला दोन्हीकडचा दाब सारखा होतो. आणि सेटिंग १८ वर नेल्याने यंत्र लवकर थंड करत नाही, फक्त जास्त वेळ चालते. स्टार लेबलच्या एसींत १ जानेवारी २०२० पासून सुरुवातीची सेटिंग २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले, ते उगाच नाही.

पावसाळ्यात तक्रार उलटी होते, ‘एसीतून पाणी गळते.’ मेच्या कोरड्या हवेत कॉइलवर फारसे पाणी जमतच नाही, जुलैत मात्र बादली भरते. उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या ड्रेन पाईपात कुंभारमाशी मातीचे घर बांधून बसलेली असते. आषाढाच्या तोंडावर पाईपात अर्धी बादली पाणी ओतून पाहिले तर भिंतीवरचा रंग वाचतो.

ज्यांच्याकडे एसी नाही, त्यांच्याकडे कूलर आहे, आणि विदर्भात कूलरच खरा राजा. त्याची तपासणी एसीपेक्षाही निकडीची, कारण तिथे पाणी आणि वीज एकाच डब्यात राहतात. अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या इथल्या उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

या सगळ्याला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. शंभर पानांची वही आणि दोरीने बांधलेले पेन पुरते. तारीख, आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान, जाळी धुतली की नाही, मेकॅनिकने मोजलेले अँपिअर, भरलेला गॅस ग्रॅममध्ये, एवढे रकाने. हिशोब ठेवण्याची सवय या तालुक्याला नवी नाही. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला. पास द्यायचे म्हणजे बांबूचा चोख हिशोब ठेवणे आलेच. तो ठेवता येतो, तर भिंतीवरच्या एसीचा का नाही?

रुग्णालयातल्या पेटीशेजारची वही दिवाळीतही उघडी असते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आणि संध्याकाळी ड्यूटीवरची सिस्टर झाकण उचलते, तापमापी वाचते आणि आकडा लिहून सही करते. सुट्टीचा रकाना कोरा सोडायची सोय त्या वहीत नाही.