एम्पोलीचा फेरूच्चो

फ्लॉरेन्सहून पिसाकडे जाणाऱ्या गाडीनं अर्ध्या तासात एम्पोली येतं. पर्यटक इथं फारसे उतरत नाहीत. मी उतरलो तो पियानोवादक आणि संगीतकार फेरूच्चो बुझोनीसाठी.

पण आधी लागतो फरिनाताचा चौक. समोर सान्त आंद्रेआचं चर्च. दर्शनी भिंतीच्या पांढऱ्या संगमरवरात गडद हिरव्या दगडानं कमानी आणि चौकोन इतके रेखीव बसवलेत की नजर हटत नाही. चौकाच्या नावामागची गोष्ट अशी: १२६० साली मोन्तापेर्तीच्या लढाईत फ्लॉरेन्सचा पाडाव झाला. विजेते एम्पोलीत जमले आणि फ्लॉरेन्स जमीनदोस्त करायच्या गोष्टी बोलू लागले. फरिनाता देल्यी उबेर्ती विजेत्यांपैकीच, पण मूळचा फ्लॉरेन्सचा. तो एकटा आडवा उभा राहिला. शहर वाचलं.

बुझोनीचं जन्मघर इथून जवळच, व्हित्तोरिया चौकात. वडील फेर्दिनान्दो क्लॅरिनेट वाजवत, आई आन्ना पियानोवादक. १ एप्रिल १८६६ला जन्मलेल्या मुलाचं नाव त्यांनी ठेवलं फेरूच्चो दान्ते मिकेलान्जेलो बेनवेनुतो. तीन तोस्कानी दिग्गजांचं ओझं! मोठेपणी त्यानं ते उतरवलं आणि नुसता फेरूच्चो राहिला. तान्हेपणीच कुटुंबानं एम्पोली सोडलं. आईचं गाव त्रिएस्त. तिथं सातव्या वर्षी तो पहिल्यांदा मैफलीत वाजवायला बसला. वडिलांनी हट्टानं बाख घोटून घेतला, आणि तोच त्याच्या आयुष्याचा कणा झाला. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली बाखची शाकॉन त्यानं पियानोवर आणली, ती आजही मैफलींत वाजते.

१८९४पासून घर बर्लिनमध्ये. १९१५मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा जन्मभूमी एका बाजूला आणि कर्मभूमी दुसऱ्या. बुझोनी झुरिकला गेला आणि लढणाऱ्या कुठल्याही देशात वाजवायला त्यानं नकार दिला. जगभर मैफली करणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल! मला त्याच्या बोटांच्या कर्तबगारीपेक्षा हा नकार मोठा वाटतो.

२७ जुलै १९२४ला तो बर्लिनमध्ये वारला. ‘डॉक्टर फाउस्ट’ हा ऑपेरा अपुरा राहिला; तो शिष्य फिलिप यार्नाखनं पुरा केला. बुझोनीला ओळखायचं तर मी मात्र १९०४चा पियानो कॉन्चेर्तो ऐकायला सांगेन. सत्तर मिनिटांहून लांब, पाच भागांचा. चौथ्या भागात इटलीचा तारान्तेला बेभान नाचतो. पाचव्यात पुरुषांचा वृंद जर्मन भाषेत गातो, आणि शब्द असतात एका डॅनिश कवीच्या ‘अलादीन’ नाटकातले, अल्लाची स्तुती करणारे.