हिरडा, गंजके खिळे आणि बारा बोअर

आमच्या घरातल्या बंदुकीनं आजवर एकही जनावर मारलेलं नाही. माणूस तर सोडाच. अप्पांनी ती बारा बोअरची एकनळी 2000 साली घेतली. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला बँकेत सुरक्षारक्षक व्हायचं असेल, तर स्वतःची परवान्याची बंदूक असणं ही तेव्हा जवळजवळ अटच होती. आमच्या पारनेर तालुक्यात हा रस्ता नवा नाही. तरुणपणी पलटण, मग बँकेच्या दारातली खुर्ची. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय बघायला लांबून लोक येतात. फौजी माणसाचं पुढचं आयुष्य मात्र त्या खुर्चीवर बघायला मिळतं.

नोकरी संपली आणि बंदूक कपाटात गेली. 2024 मध्ये ती दोनदा पोलीस ठाण्यात जमा झाली, आधी लोकसभेला, मग विधानसभेला. 2025 मध्ये तिला पंचवीस वर्षं झाली आणि अप्पांनी विषय काढला. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो वारसाचं नाव सुचवू शकतो. वारस म्हणजे मी. खराडीत दहाव्या मजल्यावर भाड्यानं राहणारा, स्क्रीनसमोर बसून पाठ दुखवून घेणारा.

"घ्यायची का नाही ते नंतर बघू," अप्पा म्हणाले. "आधी दस्ता नीट करू. असली देता येत नाही कुणाला."

दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, खांद्याला टेकतो तो. त्याचं व्हार्निश पापुद्रे धरून निघत होतं आणि मुठीजवळ, जिथं हात असायचा, तिथं लाकूड उघडं पडून घामानं काळपट झालं होतं. परवानाधारकासमोर दुरुस्तीसाठी शस्त्र हातात घ्यायला कायदा मोकळीक देतो. तरी अप्पांनी नळी स्वतः उघडली, रिकामी आहे हे दोनदा बघितलं, लोखंड काढून आपल्याजवळ ठेवलं आणि मला फक्त लाकूड दिलं.

मी इंटरनेटवर बरंच वाचून गेलो होतो. जुन्या वस्तूवरच्या खुणा जपाव्यात, असं तिथं सगळ्यांचं म्हणणं. मी तसं सुचवून पाहिलं.

"खुणा कसल्या? हा खड्डा बँकेच्या लोखंडी दाराचा. ह्यो मोटारसायकल घसरली तेव्हाचा. छडी खाल्लेला हात कुणी फ्रेम करून लावतं का? कोतात अशी रायफल जमा केली असती तर पिठ्ठू लागला असता. काळीभोर कर."

फौजेत शस्त्रागाराला कोत म्हणतात आणि पिठ्ठू म्हणजे पाठीवर वजन बांधून पळायची शिक्षा. मला वाटतं अप्पांचं बरोबर होतं. ज्यानं वस्तू वागवलेली नाही त्यालाच तिच्या जखमा सुंदर दिसतात.

खड्ड्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. दबलेले तंतू वाफेनं फुगतात आणि खड्डा वर येतो. दाराचा खड्डा जवळजवळ भरला. मोटारसायकलचा ओरखडा राहिला, कारण तिथं तंतू तुटलेले होते, आणि तुटलेलं वाफेनं जुळत नाही. मग पॉलिश पेपर, 120 नंबरपासून 320 पर्यंत. लोखंडाला चिकटणाऱ्या कडांना हात लावला नाही. तिथं लाकूड घासलं तर ते लोखंडाच्या खाली जातं आणि ती फट पुढं कायम दिसते. मधेमधे ओल्या फडक्यानं पुसायचं, लाकडाचे केस उभे राहतात, मग पुन्हा घासायचं.

रंगासाठी दुकानात वॉलनट शेडचा डबा मिळतो. पण मला हिरड्याचा प्रयोग करायचा होता. आमच्याच जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात आदिवासी तो गोळा करतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस वापरून पूर्वी शाई करत ती याच कारणानं. मी हिराकसऐवजी व्हिनेगरमध्ये गंजके खिळे टाकले. (स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजतच नाही. आणि बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही, आत हायड्रोजन तयार होतो.) आधी दस्त्याच्या मागच्या पट्टीखाली, जिथं कुणी बघणार नाही, तिथं थेंबभर लावून पाहिलं. मग सगळ्या लाकडाला हिरड्याचा काढा, तो वाळल्यावर खिळ्यांचं पाणी. डोळ्यांदेखत लाकूड निळसर काळं होत गेलं. अप्पा खुर्ची ओढून जवळ बसले.

वरून जवसाचं तेल. आमच्याकडं जवस म्हणजे चटणी, पण अप्पांच्या हातातल्या एसएलआर रायफलींचे लाकडी दस्ते याच तेलानं पुसले जायचे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून हात पातळ द्यायचा आणि थांबायचं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही, ते तापून आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवायचं. चार हात द्यायला मला तीन शनिवार-रविवार लागले. निळसरपणा गेला आणि खाली गडद तपकिरी उजेड आला. मुठीजवळचा भाग बाकीच्यापेक्षा एक छटा जास्त काळा राहिलाय. कितीही घासलं तरी तो घाम पुरता निघाला नव्हता. अप्पांनी तिथं बोट फिरवलं, काही बोलले नाहीत.

के. के. रेंजवर त्या दुपारी सराव चालू होता, तोफांचे आवाज घरापर्यंत येत होते. अप्पांनी बंदूक जोडली, कपाटात ठेवली, चावी मला दाखवून खिशात घातली आणि कागद पुढ्यात टाकले. परवाना कशासाठी हवा, हे लिहायचं होतं. त्यांचं उत्तर पंचवीस वर्षांपूर्वी एका शब्दाचं होतं, नोकरी.

"पीक संरक्षण लिही," ते म्हणाले. "डुकरं हायेतच की."

"अप्पा, मी शेतावर असतो कधी?"

"मग काय लिहिणार?"

कागद मी पुण्याला आणलेत.