मधलं नाव

"वहिनी, ह्या वयात हे कसलं हो संगणकाचं खूळ?" धाकट्या जाऊबाईंनी विचारलं तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. कारण अगदी साधं होतं. आमच्या महिला मंडळाच्या तिळगूळ समारंभाची पाकिटं दर वर्षी माझ्याकडे असतात. एकशेवीस पत्ते लिहिता लिहिता मनगट भरून येतं. सूनबाई म्हणाली, "आई, पायथॉन शिका. नावं तो जोडून देईल."

पायथॉन म्हणजे अजगर नव्हे बरं का! संगणकाला हुकूम द्यायची ती एक भाषा. गिडो व्हॅन रॉसम ह्या डच गृहस्थांनी १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली आणि नाव घेतलं एका विनोदी इंग्रजी मालिकेवरून.

ह्या भाषेत अवतरणचिन्हांत घातलेल्या मजकुराला 'स्ट्रिंग' म्हणतात. दोन स्ट्रिंगांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की त्या एकमेकींना चिकटतात. मी हौसेनं आधी वर्गणीची बेरीज करायला गेले. १०० आणि ५० टाइप केले, तर उत्तर १००५०! म्हटलं, एवढी वर्गणी जमली तर मंडळाची इमारतच उभी राहील. तर म्हणे, आपण टाइप करून दिलेलं सारं तो अक्षरंच समजतो. बेरीज हवी तर आधी त्याला 'हा आकडा आहे' असं सांगावं लागतं.

शिवाय एकदा झालेली स्ट्रिंग बदलत नाही. प्रत्येक अधिकाला नवी स्ट्रिंग तयार होते, आधीचं सगळं पुन्हा उतरवून. एक फूल वाढवायचं म्हणून अख्खा गजरा पुन्हा ओवण्यातला प्रकार! चार फुलांना चालेल, हजारांना कसं परवडावं? त्यासाठी 'जॉइन' आहे. त्यात आधी दोरा लिहायचा, मग फुलांची परडी द्यायची. दोरा म्हणजे दोन शब्दांमध्ये जे हवं ते, स्वल्पविराम नाहीतर मोकळी जागा. शेवटच्या फुलापुढे दोरा लोंबतही नाही. मला तर हे फारच आवडलं.

नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी परडी दिली आणि भराभर चिठ्ठ्या छापून निघाल्या. एका चिठ्ठीवर मात्र नाव आणि आडनावामध्ये दुप्पट जागा. चूक कुणाची म्हणून वही काढली, तर त्या बाईंचा मधला रकाना कोरा होता. पूर्वीचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं होतं.

माझ्या पोटात धस्स झालं. दोन वर्षांपासून त्या वेगळ्या राहतात, हे मला ठाऊक होतं. तरी दोन्ही वर्षं पाकिटावर मी सवयीनं त्यांच्या यजमानांचं नाव लिहिलं होतं. वहीकडे न बघता! त्यांनी चकार शब्द काढला नाही.

जोडण्याआधी कोऱ्या स्ट्रिंगा वगळायला सांगितलं की ती जादा जागा जाते. तेवढं मी केलं आणि पाकीट स्वतः नेऊन दिलं. त्यांनी नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि "बसा, चहा टाकते," म्हणाल्या. दुसरं काही बोलणं झालं नाही.

आता प्रत्येकीला विचारूनच मधला रकाना भरते आहे. सात जणींनी वडिलांचं नाव घातलं. एकीनं आईचं.