भिंतीला पोट आलं

आज पिकाचं नाही, गोठ्याच्या भिंतीचं लिहितो.

मागची भिंत आजोबाच्या हातची. अडीच फूट रुंद, काळा दगड आन् मातीचा गारा. तीन वर्षांमागं भेग दिसली तेव्हा मी वरून सिमेंटचा गिलावा मारून मोकळा झालो. गेल्या पावसाळ्यात तिला पोट आलं. परवा परत गिलावाच करणार होतो, तर गवंडी म्हणला, "अण्णा, आधी उकलून बघू. रोग कळल्याबिगर मलम कशाला?"

माळवदाला टेकू लावले आन् उकललं. भिंत एक नाही, दोन निघाल्या! बाहेरचा थर येगळा, आतला येगळा, मधे नुसती माती आन् बारीक दगड. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड एकबी नाही. माळवदाचं पाणी मधे उतरलं, गिलाव्यामुळं वाळायला वाव राहिला नाही, माती भिजून फुगली आन् तिनं बाहेरचा थर ढकलला.

मला 1993 आठवलं. 30 सप्टेंबर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. दोन दिवसांनी आम्ही सास्तूरकडं दगड उपसायला गेलो. तवा सगळे म्हणायचे, दगडाच्या घरांनी माणसं मारली. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली.

नंतर इंजिनिअर लोकांनी पडलेली घरं तपासली, तेव्हा हेच निघालं. मातीत रचलेले दोन सुटे थर, त्यावर दीड-दोन फूट मातीचं माळवद. गळतं म्हणून दरसाल वर पांढरी माती टाकायची, वजन वाढत जायचं. जमीन हलली, थर फाकले, भिंत गेली आन् सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

दगडाचा दोष असता तर आपल्या किल्ल्यातला पाणीमहाल कवाच वाहून गेला असता. तिथंबी काळा दगडच हाय, पण घडवून चुन्यात बसवलेला. चारशे वर्षं बोरीचा पूर त्याच्यावरून जातोय.

आता फुगलेला भाग आरपार दगड घालून नव्यानं रचला. बाकी भिंतीला भूकंपानंतर शिकवलेली पद्धत केली. मीटर-मीटरावर आरपार भोक, त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई, वर काँक्रीट. जुना गिलावा काढला. माळवदावरची दोन ट्रॉली माती खाली उतरवली.

गाय व्यायला आली की माझा पोरगा त्याच भिंतीला खाट लावून झोपतो. तीन वर्षं मी वरून भेग झाकून त्याला तिथं झोपू दिलं. ही चूक ना दगडाची, ना आजोबाची. माझी.

पाऊस लागायच्या आधी आपापल्या भिंतीला ओळंबा लावून बघा. पोट दिसलं तर गिलावा मारू नका. गवंडी बोलवा, टेकू द्या, मगच उकला.